गळाची काठी, संगणक आणि आमचा ‘ल’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत डेहराडून येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



मंडळाच्या चिटणिसांनी जेव्हा आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही विषय विचारला. ते म्हणाले, “तुमच्या छंदाविषयी बोला.” आमचा छंद गळाच्या काठीवर रंगीत धाग्यांची नक्षी गुंडाळण्याचा आहे, आणि तिचा आराखडा आम्ही संगणकावर करतो, असे आम्ही सांगताच त्यांचा चेहरा क्षणभर गोंधळला. परंतु कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती. तेव्हा आता आपणा सर्वांनाच हा गोंधळ थोडा वेळ सोसावा लागणार आहे.

प्रथम आमच्याविषयी दोन शब्द. केंद्र सरकारच्या सेवेत आम्ही १९९८ साली या गावी आलो, तेव्हा हे गाव उत्तर प्रदेशात होते. दोन वर्षांनी ते उत्तरांचलात गेले आणि २००७ साली त्या उत्तरांचलाचे उत्तराखंड झाले. बदलीचा हुकूम हाती न पडता तीन राज्यांत नोकरी केल्याचा मान आम्हांस असा घरबसल्या मिळाला. शिक्षणाने आम्ही बी.ए. असल्यामुळे गणित आणि यंत्र या दोन्ही गोष्टींपासून आम्ही आयुष्याची पहिली पन्नास वर्षे सुरक्षित अंतर राखून होतो. पुढे जे घडले त्यास दोन व्यक्ती कारणीभूत आहेत: एक आमचे कचेरीतील ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सारे ‘पंडितजी’ म्हणत, आणि दुसरी आमची कन्या.

पंडितजी गढवालचे. नयार नदी गंगेस मिळते तो व्यासघाट त्यांच्या गावापासून फार दूर नाही. त्या संगमावरचा महासीर मासा जाणकारांच्या जगात प्रसिद्ध आहे. एका रविवारी त्यांनी आम्हांस तेथे नेले, हाती काठी दिली, आणि आम्ही दिवसभर पाण्याकडे पाहत बसलो. एकही मासा मिळाला नाही. पण कचेरीतील एकही फाईल त्या दिवसभरात आठवली नाही. पुन्हा जाण्यास तेवढे पुरेसे होते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सोनेरी महासीर हा या राज्याचा राजमासा असून त्याची गणना आज संकटग्रस्त जातींत होते. त्यामुळे तो परवाना घेऊन धरावयाचा, मोजावयाचा आणि पाण्यात परत सोडावयाचा, अशी रीत आहे. हे ऐकून आपल्या मंडळातील मालवणकडील एका सभासदांनी आम्हांस विचारले होते, “मग तो खायचा कधी?” त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.

आता काठीकडे वळू. गळाची काठी म्हणजे बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी एक लवचिक नळी. पूर्वी ती बांबूची असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात सॅम्युएल फिलिप नावाच्या कारागिराने बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून काठ्या केल्या. आणि त्या काळी तिकडील कारागीर वापरीत तो बांबू ‘कलकत्ता’ या नावानेच ओळखला जाई. पुढे चीनच्या बांबूने त्याची जागा घेतली, मग काचतंतू आले, आणि आता कर्बतंतूंच्या काठ्या सर्वत्र दिसतात. इंग्रजी अमदानीत मद्रासच्या मुलकी सेवेतील एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेही सरकारी अधिकारीच होते, हे वाचून आम्हांस आमच्या छंदाविषयी थोडा धीर आला.

या काठीवर ठरावीक अंतरावर धातूच्या कड्या असतात व त्यांतून दोरी ओवली जाते. या कड्या खिळ्याने ठोकता येत नाहीत. काठीस भोक पाडले की ती तेथेच मोडावयाची. म्हणून कडीचा पाय काठीवर ठेवून त्याभोवती बारीक धागा शेजारी शेजारी, घट्ट गुंडाळतात आणि वर लेप देतात. हा धागा पूर्वी रेशमाचा असे, आता बहुधा नायलॉनचा असतो. काठीवर धागा आला तो असा कामासाठी. परंतु मनुष्याच्या हाती रंगीत धागा आला आणि तो केवळ कामापुरता थांबला, असे जगात कोठे घडले आहे काय? मुठीच्या वरच्या जाड भागावर कारागीर नक्षी करू लागले. अमेरिकेत डेल क्लेमन्स यांची या विषयावरील पुस्तके १९७८ व १९८२ साली निघाली, आणि हौशी लोकांच्या घरोघरी हे काम पोहोचले.

या नक्षीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात धागा तिरका, मळसूत्रासारखा चढवीत नेतात आणि वरच्या टोकाहून तसाच उलट तिरका परत आणतात. जाणारा आणि येणारा धागा जेथे एकमेकांस छेदतात तेथे फुली पडते. त्या फुलीच्या दोन्ही बाजूंस रंगांच्या क्रमाने धागे वाढवीत गेले की काठीवर शंकरपाळे उमटतात. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण तो ऐकताच भगिनीवर्गाच्या डोळ्यांसमोर जी आकृती येते, तीच आम्हांस अभिप्रेत आहे. दुसरा प्रकार विणकामाचा. त्यात काही धागे काठीच्या लांबीच्या दिशेने उभे लावतात आणि एक धागा काठीभोवती आडवा फिरवतात. प्रत्येक फेऱ्यास कोणते उभे धागे आडव्याच्या वर राहावेत व कोणते खाली दबावेत हे ठरवावयाचे. वर राहील त्याचा रंग दिसतो, दबेल त्याचा लपतो. म्हणजे हा ताणा आणि बाणाच झाला.

हे प्रथम कळले तेव्हा आम्ही काही वेळ स्तब्ध झालो. आमचे आजोळ येवल्याचे. मामा हातमागावर बसत. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या शेजारी बसून आम्ही पदरावरील मोराची मान एकेका धाग्याने वर चढताना पाहिली आहे. आम्ही मात्र शिकलो, परीक्षा दिल्या आणि मागापासून दीड हजार किलोमीटर दूर येऊन फायलींवर टिपणी लिहू लागलो. मामा एक वाक्य नेहमी म्हणत: “चुकलेला धागा लपत नाही रे, पुढच्या वितीत वर येतो.” पन्नाशी उलटल्यावर, हिमालयाच्या पायथ्याशी, मासे धरण्याच्या काठीवर आम्हांस त्या वाक्याचा अर्थ नीट कळावयाचा होता.

पंडितजी निवृत्त होऊन गावी गेले, तेव्हा त्यांना स्वतः तयार केलेली काठी भेट द्यावी असे आमच्या मनात आले. कोरी काठी, कड्या, धागे व लेप ही सामग्री मागविली आणि काम सुरू केले. पहिली नक्षी आम्ही अंदाजाने गुंडाळली. तीन रात्री खर्ची पडल्यावर जे उमटले त्यास शंकरपाळे म्हणणे धाडसाचे ठरले असते. पात्याने सारे धागे कापून काढताना आमची कन्या दारात उभी होती. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होती. ती म्हणाली, “बाबा, आधी आराखडा नाही का करायचा? यासाठीही सॉफ्टवेअर असतं.” आम्हांस ती थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी तिने ती आज्ञावली संगणकावर उघडून दाखविली.

तिचे कार्य समजण्यास सोपे आहे. काठीवर कागद गुंडाळून तो उभा कापला आणि टेबलावर पसरला, तर गोल काठीचा सपाट आयत होतो. त्या आयतावर मळसूत्री धागा ही साधी तिरकी सरळ रेघ असते. काठीचा व्यास, धाग्याची जाडी, फुल्यांतील अंतर आणि रंगांचा क्रम सांगितला की संगणक त्या आयतावर सर्व रेघा मारून दाखवितो, आणि मग तो आयत पुन्हा गुंडाळून काठी पडद्यावर फिरवूनही दाखवितो. पूर्वी हेच काम आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी करीत. एक रंग बदलावयाचा तर सारा कागद पुन्हा काढावा लागे. आता तांबड्याच्या जागी जांभळा हवा असेल तर बोट हलविले की पुरे.

गणितही आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास झेपेल इतकेच आहे. शंकरपाळा नेमका चौरस, टोकावर उभा दिसावयास हवा असेल तर एकाच रेघेवरील दोन फुल्यांतील अंतर काठीच्या परिघाएवढे ठेवावे. व्यास १४ मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे ४४ मिलिमीटर. तेव्हा फुल्या ४४ मिलिमीटरवर. पलीकडच्या बाजूच्या फुल्या आपोआप बरोबर मध्यावर पडतात. आम्ही मुठीजवळ व्यास मोजला, तो १४ भरला. आकडा भरला, पडद्यावरील सुंदर चित्र पाहून समाधान पावलो आणि गुंडाळण्यास बसलो.

पहिला शंकरपाळा उत्तम साधला. दुसराही बरा होता. चौथ्यापासून आकृती लांबट दिसू लागली, आणि अखेरीस शेजारचे धागे एकमेकांच्या अंगावर चढू लागले. संगणकाने दगा दिला असे आम्ही जाहीर केले. कन्येने शांतपणे पट्टी घेतली, काठीचे वरचे टोक मोजले आणि म्हणाली, “बाबा, इथे व्यास बारा आहे. तुम्ही एकाच जागी मोजलंत.”

ती बरोबर होती. काठी निमुळती असते, हे या भाषणात आम्ही आपणांस आरंभीच सांगितले. पण ते स्वतःस सांगावयाचे राहिले होते! बारा मिलिमीटर व्यासास परीघ होतो सुमारे ३७.७. म्हणजे पंचवीस सेंटिमीटरच्या नक्षीत दोन टोकांच्या परिघांत सहा मिलिमीटरहून अधिक फरक पडला होता, आणि आम्ही सर्वत्र ४४ चेच अंतर ठेवून गुंडाळत होतो. पाव मिलिमीटर जाडीचा धागा धरला, तर तिरक्या दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत खाली सुमारे एकशे चोवीस धागे मावतात आणि वर त्याच अंतरात सुमारे एकशे चौदा. दहा धागे बेघर झाले. ते कोणाच्या तरी डोक्यावर बसणारच. यंत्राने आम्ही दिलेल्या आकड्याशी पूर्ण इमान राखले होते, आकडाच अपुरा होता. कचेरीतही आम्ही हेच पाहत आलो आहोत: तक्ता सुबक असतो, बेरीज बरोबर असते, फक्त माहिती एकाच जागेवरून गोळा केलेली असते.

मग दर दोन सेंटिमीटरवर व्यास मोजून तो सर्व तपशील भरला, फुल्यांतील अंतर वर वर कमी करीत नेले, आणि तिसऱ्या खेपेस शंकरपाळे अखेरपर्यंत शंकरपाळेच राहिले.

नक्षीच्या वर पंडितजींसाठी एखादा शब्द विणावा असे ठरले. नाव नको, एखादा आशीर्वाद असावा. आम्ही सुचविले: ‘कुशल’. आमच्या लहानपणी घरच्या प्रत्येक पत्राचा आरंभ याच शब्दाने होई. हिंदीतही तो तसाच चालतो. शब्द सर्वांस पसंत पडला. आणि येथेच खरा पेच उभा राहिला.

त्या आज्ञावलीत विणण्यासाठी तयार अक्षरे होती, पण ती रोमन. देवनागरी अक्षरे आम्हांसच चौकटीत एकेक घर भरून काढावी लागणार होती. एकतीस उभे धागे घ्यावयाचे, म्हणजे अक्षरांची उंची ‘कु’च्या उकारासह जेमतेम आठ मिलिमीटर, आणि आडवे फेरे नव्वद. एकतीस गुणिले नव्वद, म्हणजे दोन हजार सातशे नव्वद घरे, आणि प्रत्येक घराबाबत एकच प्रश्न: धागा वर की खाली? फ्रान्समध्ये झाकारने १८०४ सालच्या सुमारास आपल्या मागावर हाच प्रश्न पुठ्ठ्यावरील भोकांनी सोडविला. भोक आहे किंवा नाही. तीच भोके पुढे अमेरिकेच्या १८९० सालच्या जनगणनेत मोजणीच्या यंत्रांत गेली, आणि तेथून संगणकाच्या वाटेला लागली. तेव्हा संगणक आज धाग्याच्या कामास येतो, यात नवल नाही. तो आपल्या आजोळी परत आला आहे.

कन्येने एका संध्याकाळी चौकट भरून आणली. ‘कुशल’ स्पष्ट वाचता येत होते. पण त्यातील ‘ल’ उजवीकडे उभा दंड असलेला होता आणि ‘श’ही हिंदी वळणाचा. आम्ही म्हणालो, “हा आपला ‘ल’ नव्हे.” ती म्हणाली, “माझा हाच आहे.”

भगिनींनो आणि बंधूंनो, तिचे खरे होते. ती याच गावी जन्मली, शाळेत हिंदी शिकली, पाटीवर पहिला ‘ल’ तिने दंडाचाच गिरवला. घरात ती मराठी बोलते, उत्तम बोलते. पण मराठी लिहिण्याचा प्रसंग तिला आला कधी? पत्रे थांबली. आजीशी बोलणे दूरध्वनीवर. आमचा पाकळ्यांचा ‘ल’ तिने पाहिला तो वाण्याच्या यादीत आणि आमच्या स्वाक्षरीत. हे आम्हांस त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते, असे नव्हे; आम्ही ते मोजले नव्हते. एकाच जागी मोजून सर्वत्र तेच आहे असे धरून चालण्याची चूक आमच्याकडून केवळ काठीवर झाली नव्हती.

तिचा युक्तिवाद पक्का होता. एक, पंडितजी हिंदी वाचणारे. दोन, विणकामात उभा दंड सर्वांत सोपा: दोन फेऱ्यांत सारे धागे वर घेतले की दंड तयार. पाकळ्यांच्या ‘ल’ला मात्र गोलाई लागते, आणि चौकोनी घरांतून गोलाई काढणे म्हणजे पायऱ्यांवरून घसरगुंडी करणे. आमच्याजवळ उत्तर एकच होते, की तो आपला आहे. हे उत्तर युक्तिवादात फारसे टिकणारे नाही, हे आम्हीही जाणतो. ती रागावली नाही. म्हणाली, “मग तुम्हीच भरा घरं.”

आम्ही आलेखाचा कागद घेतला. सहा रात्री लागल्या. डावी पाकळी साधली तर उजवी थोराड होई. दोन्ही जुळल्या तर मधला सांधा तुटे. सहाव्या रात्री तीच शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “मोठा काढून दाखवा, हाताने.” आम्ही पाठकोऱ्या कागदावर पेनाने मोठा ‘ल’ काढला. तिने तो चार वेळा गिरवला. हात कोठे वळतो, कोठे जरा थांबतो ते पाहिले, आणि मग पडद्यावर अशी घरे भरली की पाकळ्या पाकळ्यांसारख्या दिसू लागल्या. आमच्या कन्येचा मराठी ‘ल’ असा वयाच्या बाविसाव्या वर्षी झाला.

परंतु अक्षर पडद्यावर जमले तरी धाग्यावर जमावयाचे होते. त्यात तीन अडचणी आल्या. त्या येथे सांगतो, म्हणजे कोणी हे काम करू पाहील तर त्याचे श्रम वाचतील.

पहिली अडचण शिरोरेघेची. रोमन अक्षरांना ती नसते, म्हणून पुस्तकांत तिचा उपाय नाही. शिरोरेघ काठीच्या लांबीने धावते. म्हणजे तिचा उभा धागा नव्वद फेरे सलग वर राहणार, आणि खाली न दबलेला धागा सव्वादोन सेंटिमीटर लोंबकळणार. पडद्यावर ती रेघ झकास दिसत होती. आज्ञावलीने चकार शब्द काढला नाही. मग आम्ही शिरोरेघेस शेजारी शेजारी दोन धागे दिले. प्रत्येक धागा चौथ्या फेऱ्यास खाली दबावयाचा, पण दोघे एकाच वेळी नाही. एक दबल्यावर दोन फेऱ्यांनी दुसरा. कचेरीत दोन कारकुनांपैकी एक रजेवर असला की दुसरा हजर असतो, तशी ही व्यवस्था. रेघ अखंड दिसते आणि धागाही सुटत नाही.

दुसरी अडचण घराच्या आकाराची. पडद्यावरील घर चौरस असते. काठीवर मात्र शेजारी शेजारी लावलेले उभे धागे थोडे चपटे होऊन पसरतात, आडवे फेरे घट्ट बसतात, आणि अक्षर उंच व अरुंद होते. म्हणून आधी नमुन्याची छोटी पट्टी विणून दहा धाग्यांची आणि दहा फेऱ्यांची रुंदी मोजावी, व त्या प्रमाणात चौकट ठेवावी.

तिसरी रंगाची. नायलॉनच्या धाग्यावर लेप चढला की तो ओलसर, पारदर्शक दिसू लागतो. फिक्या रंगातून खालची काळी काठी डोकावते. आम्ही निवडलेला पोपटी लेपानंतर शेवाळी झाला. यावर रंग टिकविणाऱ्या द्रवाचा हात आधी द्यावा लागतो, किंवा मुळातच तसा तयार केलेला धागा घ्यावा लागतो. पडद्यावरील रंग हा कोरड्या धाग्याचा रंग असतो, एवढे ध्यानी ठेवावे.

विणण्यास आम्हांस अकरा रात्री लागल्या. पद्धत अशी: जे धागे वर दिसावयाचे ते मागे दुमडून धरावयाचे, आडवा फेरा द्यावयाचा, मग ते पुन्हा पुढे आणावयाचे. कन्या पडद्यावरून ओळ वाचीत असे, “चार खाली, दोन वर, अकरा खाली,” आणि आम्ही चिमट्याने धागे उचलीत असू. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की इतकी वर्षे एका छताखाली राहून बापलेकींचा इतका सलग संवाद त्यांनी पूर्वी ऐकला नव्हता. एकदा, सत्तेचाळिसाव्या फेऱ्यास, एक धागा वर घ्यावयाचा राहिला. आम्ही म्हणालो, “राहू दे, कोणास दिसणार आहे?” आणि म्हणताक्षणीच मामा आठवले. नऊ फेरे उसवून पुन्हा विणले.

शेवटी दोन द्रवांच्या मिश्रणाचा लेप. तो सुकेपर्यंत काठी सतत मंद फिरत राहिली पाहिजे, अन्यथा लेप एका बाजूस ओघळतो. त्यासाठी मंद गतीची मोटार हवी होती. आता कबूल करण्यास हरकत नाही, की गणेशोत्सवात श्रींच्या मागे जे चक्र फिरते, त्याची मोटार त्या वर्षी भाद्रपदानंतर पंधरा दिवस मंडळाच्या कपाटात नव्हती. कोषाध्यक्षांनी ती हरवली असे इतिवृत्तात नोंदविले आहे. ती नोंद दुरुस्त करावी ही विनंती.

पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, अश्विनात आम्ही तिघे व्यासघाटास गेलो. पंडितजींनी काठी हाती घेतली, तोलली, टोक हलवून पाहिले. नक्षीकडे लक्ष गेले ते बऱ्याच वेळाने. चष्मा कपाळावरून खाली आणला, अंगठा अक्षरांवरून फिरविला आणि ते हसले. म्हणाले, “यह तो आपका वाला ‘ल’ है। पच्चीस बरस फ़ाइलों में पढ़ा है।”

कन्या आमच्याकडे पाहत होती. आम्ही नदीकडे पाहिले. त्या दिवशीही मासा मिळाला नाही.

या छंदातून आम्ही एवढेच शिकलो, की आराखडा आधी करावा. त्याने धागा, वेळ आणि मनस्ताप वाचतो. यंत्राला कमी लेखू नये आणि त्याच्यावर आपली जबाबदारीही टाकू नये. काठी किती निमुळती आहे हे त्याला आपण मोजून सांगावयाचे असते, आणि ‘ल’ कोणता घ्यावयाचा हे तर ते विचारतही नाही. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना दंडाचा ‘ल’ येतो यात गैर काही नाही. तोही देवनागरीचाच, आणि ज्या भूमीने आपणांस अन्न दिले तिचा आहे. पण पाकळ्यांचा ‘ल’ कोणी हाताने काढून दाखविल्याशिवाय येत नाही, आणि तो दाखविण्यास सहा रात्री पुरतात. आम्ही बावीस वर्षे लावली.

कन्या आता नोकरीनिमित्त बंगळूरला असते. एकतीस घरांच्या चौकटीत मराठी वळणाची सारी अक्षरे भरून ठेवण्याचे तिने मनावर घेतले आहे. गेल्या रविवारी तिचा दूरध्वनी आला. “बाबा, ‘ळ’ अडलाय. मधला पीळ किती घरांचा घेऊ?” सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून ग्रंथालयात ठेवण्यासाठी आम्ही दोघांनी एक काठी विणावयास घेतली आहे. तीवरचा शब्द ‘मंडळ’ असा आहे. ‘मं’ आणि ‘ड’ झाले आहेत. ‘ळ’ चांगला काढणारे कोणी सभेत असतील, तर त्यांनी भाषणानंतर कृपया एका कागदावर तो मोठा काढून आमच्या हाती द्यावा.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. मोटार आम्ही आज सोबत परत आणली आहे.